वैशालीताईंची काटछाट

वैशालीताई कोड मोठ्याने वाचत, आणि तोही अहिराणीत. पडद्यावर पायथन असे, तोंडात त्यांच्या प्रकाशा गावची बोली. मी नंदुरबारच्या ऑफिसात रुजू झालो, तेव्हा माझा पहिला कोड त्यांनी असाच वाचला. "यादी ले, तिन्हामा फिर, दुसरी यादी कर, तिन्हामा परत फिर..." मग थांबल्या. "माले दम लागना. थोडं काढी टाक." चहात साखर जास्त झाली हे सांगावं, तसा त्यांचा सूर.

आमची संस्था नर्मदाकाठच्या गावांना बोटीने औषधं पोचवते. कोणत्या फेरीत कोणाची पुडी ठेवायची, हे ताईंनीच पूर्वी लिहिलेला कोड ठरवायचा. एकदा बोटीवरच्या नर्स रमिलाबाईंचा फोन आला. मणिबेली गावात दोघी बहिणींना सिकलसेल हा रक्ताचा आजार. धाकटीची पुडी मागच्या फेरीला आलीच नव्हती. थोरली आपल्यातल्या निम्म्या गोळ्या तिला देत होती. आता दोघींचेही हातपाय ठणकत होते.

ताई तो कोड वाचू लागल्या. "नाव ले, गाव ह्या फेरीनं व्हई त बोटनी यादीमा टाक, मूळ यादीमाईन काढ, पुढे चाल..." तिथे त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. यादीवरून चालता चालता नाव काढलं की खालचं नाव वर सरकतं, आणि कोड त्याला ओलांडून पुढे जातो. आम्ही नुकतीच यादी घराप्रमाणे लावली होती, त्यामुळे बहिणी लागोपाठ आल्या होत्या. थोरलीचं नाव निघालं की धाकटी तिच्या जागी यायची आणि राहून जायची. अशी आणखीही काही नावं सापडली.

ताईंनी ते सगळं पुसून एकच ओळ लिहिली: या फेरीतल्या गावांमधल्या रुग्णांची नावं नव्या यादीत घे. "जुनीले हात लाऊ नको," त्या म्हणाल्या. मला की स्वतःला, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी राहिलेल्या पुड्या घेऊन त्या स्वतः बोटीत बसल्या. त्यांना पोहता येत नव्हतं. मणिबेलीत मुलींच्या आईला त्यांनी सांगितलं, "चूक मन्ही शे." रमिलाबाईंनी ते भिलीत सांगितलं. आईने ताईंना भाकर वाढली. ताई जेवल्या. धाकटीने गोळी गिळलेली पाहिली, तेव्हाच उठल्या.

परतल्यावर त्यांनी ऑफिसातला एकूण एक कोड वाचून छाटला. पुढे यजमानांची बदली झाली आणि ताई सुरतेला निघाल्या. कामाचा ताबा देताना संस्थेच्या साहेबांनी त्यांच्या कोडची फाइल खालपर्यंत सरकवली. ती लगेच संपली.

"इतक्या वर्षांत एवढंच लिहिलंत?"

"नही साहेब, बरंच व्हतं," ताई म्हणाल्या. "काढी टाकं."