खटक्यामागची अक्षता

आमच्या जुन्या कॉम्प्युटरची रॅमची पट्टी आज एकदाची निघाली, आणि मी असा ओरडलो की आई पोळी तव्यावर टाकून धावत आली.

चार दिवस कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता, नुसता शिट्ट्या मारत होता. आईने दोन वर्षं एकेक अक्षर शोधून टाइप केलेल्या तिच्या आठवणी त्यातच होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, भंगारात द्या." मग मी इरेलाच पेटलो. अशा शिट्ट्यांवर उपाय म्हणजे मेमरीची ती पट्टी काढून पुसायची, एवढंच काम. पण तिला धरून ठेवणारा एका बाजूचा खटका उघडेचना. शेवटी टॉर्च मारला, तर खटक्यामागे काहीतरी लाल दिसलं. सुईने हलकेच उचकटलं, तर तांदळाचा दाणा! दसऱ्याला मी साफसफाईसाठी कॉम्प्युटरचा डबा उघडा ठेवला होता आणि आईने थेट आतच पूजा केली होती.

"अगं, मशीनच्या पोटात कुणी अक्षता टाकतं का?"

"मग कुठे टाकू? काम तर पोटच करतं ना!"

मी दाणा तळहातावर घेऊन पाहिला. कुणीतरी मायेने टाकलेले असे किती दाणे माझ्याही आत अडकून बसले असतील, आणि मी उगाच खटक्यावर चिडत आलो असेन.

पट्टी खोडरबराने पुसून परत बसवली. एकच शिट्टी झाली आणि पडदा उजळला. मी कौतुकाची वाट बघत वळलो.

"सरक रे," आई खुर्ची ओढत म्हणाली, "चार दिवस माझं वाक्य अर्धं राहिलंय."