टॉवेलाखाली ठरलेली गाडी

बावड्याचे चाचा जनावराला कधी नावं ठेवायचे नाहीत. बाजारात दलाल म्हटला की दात बघणार, शेपटी ओढणार, खोड काढणार आणि भाव पाडणार. चाचांचं उलटं. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत मालकाला म्हणायचे, "लेकरावानी सांभाळलाय बघा तुमी." मालक खूश व्हायचा, आणि मग त्यालाच अवाच्या सवा भाव सांगायची लाज वाटायची. माझ्या दावणीचा एकूण एक बैल त्यांनीच घेऊन दिला. एकातही फसलो नाही.

भाव ते टॉवेलाखाली करायचे. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आतून समोरच्याची बोटं दाबायची. बोटांवरून आकडा कळतो, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. समोरचा 'व्हय' म्हणाला की सौदा पक्का. "आबा, दिलेला हात माघारी घेतला की दलाल मेला म्हणायचं," असं ते मला सांगायचे. शेत नाही, दुकान नाही. बाजारातली पत तेवढी त्यांची इस्टेट.

लेकानं नवी गाडी घ्यायची काढली तेव्हा मी म्हटलं, चाचांशिवाय घ्यायची नाही. लेक हसला. "आबा, गाडी हाय ती, बैल न्हाय." म्हटलं, पैसा माझ्या उसाचा आहे, माणूसही माझाच येणार.

बारामतीच्या त्या शोरूमची फरशी बघून चाचांनी चपला दारातच काढल्या. गाडीला एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "लई देखणी हाय. नजर लागंल हिला." टायवाल्या मॅनेजरला वाटलं असेल, म्हातारे भाळले. मग चाचांनी टॉवेल काढला, त्याला बोटांचा हिशोब नीट समजावला, "सगळं धरून, गाडी रस्त्यावर येईस्तोवर," असं बजावलं आणि हात पुढं केला. तिथली पोरं-पोरी गोळा झाली. एकानं मोबाईलवर शूटिंग लावलं. आम्ही काय तमाशाला उभे होतो? चाचांनी बोटं दाबली, त्यानं मान हलवली. पुन्हा दाबली. शेवटी तो मोठ्यानं म्हणाला, "डन, चाचा, डन!" टाळ्या वाजल्या. मी तिथंच विसार दिला.

मग बिल आलं. हँडलिंगचे वेगळे, मॅटचे वेगळे, सीटकव्हरचे वेगळे, आणि कसलं तरी पॉलिश. चाचा म्हणाले, "साहेब, बैल इकताना शिंगांचं येगळं लावत्यात का?"

"अहो चाचा," मॅनेजर हसला, "ते आपलं गमतीत चाललं होतं."

गमतीत! गळ्यात टाय बांधली की दिलेल्या शब्दाची गंमत करायची मुभा मिळते का? चाचांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, सौदा माझ्या हातानं झालाय. वरचं मी भरतो."

"एक रुपया भरलात तर माझ्या दारात यायचं न्हाय," मी म्हटलं. लेक म्हणत होता, सगळीकडं असंच असतंय, घेऊन टाकू. मी विसार परत मागून घेतला आणि चाचांना घेऊन बाहेर पडलो.

पण ते शूटिंग आमच्या आधी बाजारात पोचलं. "काय चाचा, गाडी कवा आणताय? का बोटं अडकली?" विचारणारे कोण, तर ज्यांचे बैल चाचांनी विकून दिले तेच. चाचांनी बाजार सोडला. मी बावड्याला जाऊन भांडलो. "फिरला त्यो, आन् तोंड तुमी लपवताय?"

"त्यो फिरला, आबा. पर हात माझा व्हता." एवढंच बोलले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

थंडीत चाचा गेले. मी मातीला जाऊन आलो आणि त्याच आठवड्यात शोरूमचा फोन आला. तोच मॅनेजर. "काका, महिनाअखेर आहे. तुमचे चाचा म्हणाले होते त्याच भावात देतो, सगळं धरून."

म्हणजे भाव बसत होता! बसत असताना त्या माणसाची बाजारात शोभा केली.

"चाचा वारले," मी म्हटलं.

"अरेरे. सॉरी, काका." आणि त्याच दमात पुढं, "मग बुकिंग करून टाकू का?"