तिची आई गोंदियाला गेली तेव्हा

आमचे हे इथल्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाले, सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही पद्मनाभपुरात राहायला आलो. मुलगा पुण्याला. दुपारी घर खायला उठायचं. तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी मला कॅम्प-१ या कामगारवस्तीतल्या एका संस्थेत नेलं. भाड्याच्या घरात चालणारी लहानशी संस्था होती. ज्यांना चालता-बोलता येत नाही किंवा समज थोडी कमी आहे अशी तरुण मुलंमुली तिथे दिवसभर येत, व्यायाम करत, कापडावर ठसे उठवत. ज्यांच्या घरी कमावणारं कोणी उरलं नव्हतं, त्यांना शिधा आणि औषधंही मिळत. संस्था चालवणाऱ्या बाई पूर्वी दवाखान्यात रुग्णांना व्यायाम शिकवायच्या. त्यांना सगळे दीदी म्हणत.

एके दिवशी दीदींबरोबर मी जवळच्याच एका गल्लीत गेले. दोन खोल्यांचं घर. खाटेवर विशीतली मुलगी उशांना टेकून बसलेली. जन्मापासून हातपाय ताठ, शब्द ओढून ओढून बाहेर येणारे, डोळे मात्र लख्ख. वडील ठेकेदाराकडे कामाला होते, ते वारले होते. आई साड्यांना फॉल लावून घर चालवत होती. परप्रांतात आमच्या भंडाऱ्याकडचीच बोली ऐकून मला बरं वाटलं.

दीदींनी मुलीला विचारलं, "तुला यायला आवडेल का आमच्याकडे?"

"तिले काय विचारता, मले विचारा," आई म्हणाली. "तिच्या वाटचं मीच बोलतो."

मुलगी लहान होती तोवर आई तिला कडेवर घेऊन सगळीकडे जायची. अंगानं भरली तसं उचलणं जमेना, आणि मग दोघीही घरातच राहिल्या. दारासमोर उघडी नाली, त्यावर एक अरुंद फरशी. चाकाची खुर्ची तिथून निघणार कशी? दीदींनी मिस्त्री बोलावला आणि नालीवर सिमेंटचा उतार करून घेतला. गल्लीच्या तोंडाशी व्हॅन उभी राहू लागली.

पहिल्या दिवशी आई सोबत आली आणि लेकीला चिकटून बसली. आम्ही काही विचारलं की उत्तर आईचंच. "तिले तहान लागली." "तिले निळा रंग आवडते." मुलगी तोंड उघडायची, तोवर उत्तर होऊन गेलेलं असे. संध्याकाळी दीदी आईला म्हणाल्या, "उद्या तुम्ही घरीच थांबा. जरा पाठ टेका."

दुसऱ्या दिवशी आई आत आली नाही. मी दुपारी फाटकाबाहेर डोकावले, तर कडुलिंबाखाली बसून साडीला फॉल लावत होती.

"बाई, घरी कावून नाही गेल्या?"

तिनं सुई थांबवली. "घरी जाऊन काय करू जी? घरात तं कोनीच नाही."

मी आतून दोन कप चहा आणला आणि तिच्याशेजारी बसले.

हळूहळू ती घरी जाऊ लागली. लेक ठशांच्या टेबलावर रमली. तिचे शब्द आमच्या कानांनाही ओळखीचे होऊ लागले. घाई केली नाही की कळायचे.

एकदा आई लेकीला घ्यायला आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. गोंदियाहून भावाचा फोन आला होता. म्हातारी आई सारखी आठवण काढत होती. ही कितीतरी वर्षांत माहेरी गेलेली नव्हती.

"जा," मुलगी म्हणाली. इतकं स्पष्ट, की खोलीतल्या सगळ्यांनी मान वळवली.

"जा म्हनते! तुले कोन पाहीन?"

मुलगी मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

मी घरी येऊन ह्यांना विचारलं, तेवढे दिवस मुलीला आपल्याकडे ठेवू या का. हे म्हणाले, "त्यात विचारायचं काय? पुढची खोली रिकामीच आहे."

ह्यांनी आईला पॉवर हाऊस रेल्वे स्टेशनवर गाडीत बसवलं. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून सूचना देत होती म्हणे: कूस कशी बदलायची, वरण किती पातळ हवं, चहात दोन चमचे साखर.

संध्याकाळी मी तसाच चहा केला. मुलीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. मला वाटलं गरम असेल, निववला. नाही. साखर कमी पडली असेल म्हणून आणखी घातली. आता तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईची आठवण आली असं समजून मी तिला जवळ घेतलं, तर तिनं चिडून हनुवटीनं ह्यांच्या कपाकडे दाखवलं. ह्यांना मधुमेह, चहा बिनसाखरेचा. नवीन कपात तोच ओतून मी तिच्या ओठांना लावला. तिनं सगळा संपवला आणि खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी तो मुलीच्या कानाशी धरला.

"कशी आहेस वो माय? जेवली? मी उद्या सकाळच्याच गाडीनं येतो."

मुलीनं सगळा जीव गोळा केला. "राय," ती म्हणाली. थोडा दम खाऊन पुन्हा, "राय तिथं."

पलीकडून आई म्हणाली, "बरं. रायतो."

ती ठरल्यापेक्षा काही दिवस उशिरा आली, तेव्हा दारात मी तिला ओळखलंच नाही. चेहरा निवलेला, केसांना चपचपीत तेल, घट्ट वेणी आणि त्यात अबोलीचा गजरा.

"आईनं घातली," ती लाजून म्हणाली. "हात थरथरते तिचे, तरी ऐकेना. म्हने, तुझ्या केसाले कोनी हात लावला नसन इतक्या दिवसात."

मुलीनं आपला वाकडा हात कष्टानं उचलला आणि त्या वेणीवर ठेवला. आई तशीच खाली मान घालून बसून राहिली.

चहाची गोष्ट मी सांगितली तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अवो, इतके वर्स गोड पाजलं तुले! सांगितलं कावून नाही?"

"तू... इचारलं... कुठं?" मुलगी म्हणाली, आणि तिला इतकं हसू लोटलं की आईही हसू लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

आता आई दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात माहेरी जाते, तेव्हा लेक आमच्याकडे असते. संस्थेत कापडाचे रंग तीच ठरवते. निळा तिला अजिबात आवडत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. तिला हिरवा आवडतो, तोही गडद. दीदींनी फिका सुचवला तर ती मान हलवते आणि मनासारखा डबा समोर येईपर्यंत थांबते.