काकडीच्या वाफ्यातला गाळ

तिसऱ्यांदा ग्रॅब वर आला आणि तिसऱ्यांदा ट्रेमध्ये नुसता चिखल. ग्रॅब म्हणजे दोरीने तळाशी सोडायचा लोखंडी जबडा. तो गाळाचा एक घास घेऊन येतो. गाळ चाळायचा, उरलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि चिमट्याने जीव वेचायचे. लाल अळ्या, गोगलगायी, शिंपले. पाण्याची टेस्ट तलावाची आजची तब्येत सांगते, तळाचे जीव मागच्या कित्येक महिन्यांची.

मुरबाड तालुक्यातला हा लहानसा तलाव नुकताच भरला होता. तळ मेलेला निघाला तर उन्हाळ्यात पोकलेन लावून सगळा खरवडायचा, असं घाटत होतं. तळ गेला की मासळी गेली. आणि माझी होडी वल्हवणाऱ्या पारूमावशीचं घर त्या मासळीवरच चालायचं. रिपोर्टवर सही माझी असणार होती.

होडीतूनच ऑफिसातल्या सरांना फोन लावला. "सर, तिन्ही पॉइंट रिकामे."

"मग डेड लिही. परवा रिपोर्ट द्यायचाय."

मावशी ऐकत होती. वल्हं आडवं ठेवून म्हणाली, "म्याडम, रिकामं नाय तं काय असंल? हितं मे मईन्यात माझ्या काकड्या होत्या."

उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक भाजी लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत कोरड्या असलेल्या जमिनीत मी तळाचे जीव शोधत होते! पॉइंट मीच टाकले होते, कल्याणच्या ऑफिसात बसून, भरलेल्या तलावाचा मॅप बघून. अशी लाज वाटली की विचारू नका.

"मग आधी सांगायचंत की, मावशी!"

"तुमी कुठं इचारलंत? मला वाटलं, तुमाला मातीच पायजे."

कधीच न आटणारी जागा दाखवा म्हटल्यावर तिने होडी मधल्या डोहाकडे वळवली. तिथे ग्रॅबचा जबडा मिटलाच नाही, मधे शिंपला अडकला होता. घास पुन्हा घ्यावा लागला, पण आनंदाने. ट्रेमध्ये अळ्यांची नुसती वळवळ.

"सर, तलाव जिवंत आहे. सकाळभर आपण काकडीच्या वाफ्यात गोगलगायी शोधत होतो."

सर बराच वेळ हसले.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, डोहाला हात लावू नये. गाळ काढायचाच तर उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या काठाचा काढावा. शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर. सही ठोकून मोकळी झाले.

पुढच्या मे महिन्यात गेले तेव्हा काठ खरवडून खालचा मुरूम उघडा पडला होता. मावशी जाळं सुकवत होती.

"मासं हायेत, म्याडम. काकडी नाय," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रिपोर्टचं शेवटचं, शिफारशींचं पान मी आधी गावात वाचून दाखवते, मग सही करते. सर म्हणतात, फार टाइम जातो.

जातोच.