घोरण्याला लागलेली नजर

लग्न होऊन चकलांब्याला आले तेव्हा मला एकाच गोष्टीचा तोरा होता. आमच्या ह्यांना झोप लई चांगली लागायची. गेवराईच्या फेऱ्या मारणारी जीप होती त्यांची. संध्याकाळी ती दारात लावली की बाटली काढायची, भाकरी खायची आणि पाठ टेकते न टेकते तोच घोरायला सुरुवात. शेजारणीचा नवरा रात्रभर कूस बदलायचा. तिला मी मुद्दाम ऐकवायचे, "आमचे न्हाई बाई तसले. ढोल बडवला तरी उठायचे न्हाईत." दारूच्या घोरण्याची कुणी मिरवणूक काढावी, तर माझ्यासारख्या बावळट बाईनं!

पण एवढा झोपून माणूस सकाळी उठायचा तो मार खाल्ल्यासारखा. डोळे लाल, तोंडाला कोरड, सदरा घामानं ओला. पहाटेपासून त्यांचं आतबाहेर चालायचं, हे मला दिसायचं. त्यातून माझ्या अकलेनं शोध लावला की शेजारणीनं झोपेला नजर लावलीय.

मग रोज संध्याकाळी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळायचे. आमचे हे पिऊन पाटावर देवासारखे बसायचे. मिरच्या चुलीत टाकून ठसका आला नाही, की मी सासूला हाक मारायचे, "आत्याबाई, बघा, कसली कडक नजर हाय!"

"नजर न्हाई गं, बाटली हाय," त्या म्हणायच्या.

म्हातारीला लेकाचं सुख बघवत नाही, असं मी माहेरी सांगून आले. नारायणगडाच्या देवाला नारळाचा नवससुद्धा बोलले.

शेवटी अंगदुखीसाठी ह्यांना गेवराईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलाच विचारलं, "घोरताना मध्येच श्वास अडकतो का?"

"अडकतो की. मग दचकून परत चालू."

"दारूनं डोळा लवकर लागतो, पण झोप पुरी होत नाही. नशा उतरायला लागली की झोप मोडत राहते. आणि हा माणूस सकाळी जीप चालवतो?"

तेव्हापासून पहिली फेरी निघाली की जीप दिसेनाशी होईपर्यंत मी दारातच उभी राहायचे. ह्यांनी दारू सोडून बघितली. पण बिनदारूचा डोळाच लागेना. मी म्हणाले, "थोडे दिवस कळ काढा."

"तूच काढ. बिनझोपेची गाडी कशी चालवू?"

गाडी नीट चालवता यावी म्हणून बाटली घरात परत आली.

एका सकाळी, चांगल्या उन्हात, सरळ रस्त्यावरून जीप ओढ्यात उतरली. जीपमध्ये ह्यांच्या शेजारी बसून बाजाराला निघालेली गावातलीच एक बाई जन्माची लंगडी झाली. हे म्हणाले, ब्रेक लागला न्हाई. पुढं जीप विकली, दारू मात्र राहिली.

ती बाई अजून बाजाराच्या दिवशी काठी टेकत आमच्या दारावरून जाते. ओट्यावर बसलेले हे दरवेळी विचारतात, "बरं हाय का, वैनी?"

"माझं जाऊ द्या," ती चालता चालता म्हणते, "तुमची झोप झाली का?"