भाईंचा फोन बाईंकडे

माझा आवाज पहिल्यापासून जाड. गॅसचा नंबर लावायला फोन केला, की पलीकडून "बोला साहेब" असंच येतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पासलीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे तेव्हा ओढ्यापलीकडची पोरंसुद्धा माझ्या एका हाकेत वर्गात येऊन बसायची. पण याच आवाजानं एकदा एका भल्या माणसाचं काम घालवत आणलं होतं. तसं पाहिलं तर आवाजाची काही चूक नव्हती. चूक माझीच होती.

मी तेव्हा नसरापूरला राहायचे. सकाळची एसटी शाळेच्या वेळेला जुळायची नाही, म्हणून वडापच्या, माणसं भरून सुटणाऱ्या जीपनं जायचे. नसरापूर, विंझर, वेल्हे आणि पुढे माणसं भरली तर पासली. चालवणारा माणूस भोरचा मुसलमान, वयानं माझ्याएवढाच. त्याला सगळे भाई म्हणत. मी शाळेची, म्हणून मला सगळे बाई म्हणत. आता आमच्याकडे बोलताना 'भ'चा 'ब' व्हायला वेळ लागत नाही. मागच्या बाकावरून कुणी "ओ बाई!" अशी हाक मारली, की आम्ही दोघंही एकदम मान वळवायचो. ड्रायव्हरनं मान वळवली की बाकीची जीप ओरडायची, "तुमी न्हाई, त्या!"

मग भाईंनी मोबाईल घेतला. दोन हजार चार-पाचची गोष्ट. फोन वाजला की भाई तो खांद्यात आणि कानात चिमटायचे, मान वाकडी करायचे आणि "बोला सरकार!" म्हणायचे. सरकार म्हणजे कुणीही. बायको असली तरी सरकार, टायरवाला असला तरी सरकार. त्यात रेंज सगळीकडे नव्हती. विंझरच्या अलीकडे मोरीपाशी आंब्याच्या झाडाचं एक वळण होतं, तिथं ती अचानक यायची. म्हणजे रस्त्यात सगळ्यांत अवघड जे वळण, नेमकं तिथंच भाईंची अख्खी दुनिया आठवण काढायची. एकदा त्या वळणावर "बोला सरकार" म्हणता म्हणता जीपचं पुढचं चाक मोरीच्या कठड्याला घासलं. मागं एका आजीच्या मांडीवर दुधाची किटली होती. दूध सगळ्यांच्या अंगावर आणि झाकण माझ्या कपाळावर. भाई खाली उतरले, चाक पाहिलं आणि मग हातातला फोन पाहिला.

आजींनी तिथंच निकाल दिला. "त्यो डबा बाईंकडं द्या. ह्या बाईंकडं."

गाडी चालवताना फोनवर बोलू नये असा कायदा सरकारदरबारी होता की नव्हता, आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या जीपमध्ये मात्र त्या दिवसापासून झाला. जीप सुरू झाली की फोन माझ्या हातात. मी पुढच्या सीटवर बसून उचलायचे, निरोप घ्यायचे, उतरल्यावर सांगायचे. पहिला आठवडा मी सरळ बोलले. मग मला राहवेना. इतका छान जाड आवाज देवानं दिलेला, समोर रिकामा फोन, मागं दहा माणसं ऐकायला. मी मान वाकडी करून भाईंच्या थाटात म्हणू लागले, "बोला सरकार!" मागची जीप खदखदायची. भाईसुद्धा.

आणि तेवढ्यात विंझरचं काम निघालं. वस्त्यांवरच्या आठ मुली अकरावी-बारावीला वेल्ह्याला जायच्या. एसटी चुकली की पायी किंवा घरी. त्यांच्या आईबापांनी ठरवलं, एक खात्रीची जीप लावायची, वर्षभर. गाडी आणि माणूस पारखायचं काम त्यांनी आबांवर सोपवलं. आबा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. उभा जन्म घाटात गेला, गाडीला ओरखडा नाही. निवृत्तीनंतरही चालताना वळण आलं की उजवा हात बाहेर काढायचे. पुढचे दात गेले होते, त्यामुळे त्यांच्या तोंडी 'भ' हे अक्षर उरलंच नव्हतं. भाताला बात, भोरला बोर.

भाईंना हे काम हवं होतं. रोज पहाटे फाट्यावर उभं राहून "वेल्हे वेल्हे वेल्हे" ओरडायचं, माणसं दुसऱ्या जीपनं पळवायची, याला ते कंटाळले होते. "बाई, ठरलेली माणसं, ठरलेली वेळ," ते मला म्हणाले, "म्हंजे घरी जाऊन पोरांबरोबर जेवता तरी येईल." आबांनी त्यांना एकच अट घातली होती. "चालू गाडीत फोन उचलला, तर मुली बसवनार न्हाई. म्या बगीन."

आबांनी बघितलंच. विंझरच्या दुकानाच्या दारात एक रुपयाचा फोन होता आणि तिथून ते आंब्याचं वळण सरळ दिसायचं. एका सकाळी आबा रिसीव्हर हातात धरून उभे राहिले. जीप वळणावर आलेली दिसली आणि त्यांनी नंबर फिरवला. काचेवर ऊन होतं, आत कोण काय करतंय ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

फोन माझ्या मांडीवर वाजला. मी मान वाकडी केली.

"बोला सरकार!"

"बाई का?"

"बाईच. बोला ना!"

"गाडी कुठं हाय?"

"ही काय, वळणावर. जोरात आहे!" जोरात म्हणजे मजेत, असं मला म्हणायचं होतं.

"बरं. ठेवा," पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

मिनिटभरात आम्ही दुकानापाशी पोचलो. आबा रस्त्याच्या मधोमध उभे. एसटी थांबवतात तसा हात वर.

"बाई, काम न्हाई तुमाला. दुसरी गाडी बगतो आमी."

भाई खाली उतरले. "आबा, म्या फोनला हात लावला न्हाई!"

"मंग बोललं कोन?"

"बाई बोलल्या."

"तेच म्हनतोय म्या! बाई बोलला!"

"बोलला न्हाई, बोलल्या! भाई न्हाई, बाई!"

"व्हय, बाई! सवताच्या कानानं ऐकलं. वर सांगताय, जोरात हाय!"

दुकानदार हसून हसून पोत्यावर बसला. भाईंचा चेहरा मात्र उतरला होता. माझं हसू तो चेहरा बघून थांबलं. मी उतरले आणि म्हटलं, "आबा, फोनवर मी होते."

आबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाईमानसाचा न्हवता त्यो आवाज. बाप्याचा."

"तोच माझा."

"शिकल्यासवरल्या हाय तुमी. ड्रायव्हरसाठी खोटं बोलू ने."

आता मात्र अब्रूचा प्रश्न होता. मी म्हटलं, "आबा, भाईंना तुमच्यासमोर उभं करा. मी वळणावर जाते. तुम्ही फोन लावा." आणि पदर खोचून भर उन्हात वळणापर्यंत चालत गेले. जीपमधली सगळी माणसं शाळा, बाजार, कचेरी विसरून रस्त्याच्या कडेला उभी. आंब्याखाली फोनला रेंज आली. दुकानापाशी भाई हात जोडून उभे असलेले मला लांबून दिसत होते. फोन वाजला.

"बोला सरकार!" मी असा आवाज लावला की आंब्यावरचे बगळे उडाले.

मग आबांचा आवाज, जरा लांबून, बहुतेक भाईंकडे बघत, "तोंड उगडा बगू... मिटलेलंच हाय की वो!" आणि मग दुकानापाशी जो हशा उठला, तो मला फोनशिवायच ऐकू आला.

मी ऐटीत परत आले. आता काम पक्कं, असं भाईंनाही वाटलं होतं. ते मला सलाम करत होते. आबा मात्र हसत नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, खरं सांगा. तुमी असं सोंग केलंत, त्या टायमाला ड्रायव्हर काय करत व्हता?"

प्रश्न साधा होता. भाई दोन हातांवर उभे होते, त्यांना ऐकू येत होतं. समोरच बघत होते, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मला ते वळण दिसत होतं, आणि मागं बसणाऱ्या आठ मुली.

"माझ्याकडे बघून हसत होते," मी म्हणाले.

"वळनावर?"

"हो. वळणावर."

भाईंनी खाली बघितलं. आबांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली, थुंकून आले. घाटात गाडी घालण्याआधी घेत असतील तेवढा वेळ त्यांनी घेतला.

"ह्यो मानूस फोनला हात लावत न्हाई, हे कळलं," ते म्हणाले. "तवा उद्यापास्नं मुली बसतील. पर फोन गाडीत बंद. वाजायलाच नको."

भाईंनी माझ्या हातातला फोन घेतला आणि बटण दाबून तिथंच बंद केला.

"आनि बाई..." आबा म्हणाले. आम्ही दोघांनीही मान वळवली. आबांचं बोट माझ्याकडे होतं. "तुमी मागं बसायचं."

पुढची सीट बारावीतल्या एका अबोल मुलीला मिळाली. ती खिडकीबाहेर बघत बसायची. माझी बदली होईपर्यंत मी मागच्या आडव्या बाकावर, मुलींच्या दप्तरांत कोंबून प्रवास केला. भाईंचा फोन तेवढा माझ्याकडेच राहिला, डब्याच्या पिशवीत, चपात्यांखाली, बंद. मुली हट्ट करायच्या, "बाई, भाईंचा आवाज काढा ना!" मी मान हलवायचे. वेल्ह्याला जीप उभी राहायची, भाई किल्ली फिरवायचे, इंजिन गप्प व्हायचं, आणि मग पुढूनच भाई म्हणायचे, "हां बाई, आता काढा."