फादरांची चौकशी

मी निघालो त्या संध्याकाळी वसईच्या आमच्या घरी अख्खी आळी जमली होती. प्रार्थना झाली, फादरांनी डोक्यावर हात ठेवला, आणि मग जो तो उपदेश करायला लागला. थंडी असते, कान झाकत जा. गोऱ्यांच्या तोंडाला लागू नकोस. आईने दोनच गोष्टी सांगितल्या. "पोचलास की तिथल्या फादरांना जाऊन भेट. आणि रोशनवर लक्ष ठेव, कसा आहे ते कळवत जा." रोशन म्हणजे शेजारच्या इनासकाकांचा मुलगा. आम्ही दोघे एकाच विमानाने किवींच्या देशात, हॅमिल्टनच्या एकाच कॉलेजात शिकायला चाललो होतो. त्याच्या आईने त्यालाही माझ्याबद्दल हेच सांगितलं असणार.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आता मी इथल्या ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे आणि रोटोटुनात भाड्याच्या घरात एकटा राहतो. शेजारी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना भेटतात, "हाउज इट गोइंग" म्हणतात आणि उत्तर ऐकायच्या आत घरात जातात. वाईट नाहीत बिचारे, पण अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही की जेवलास का. आपल्याकडे हे विचारणाऱ्यांचा वैताग येतो. इथे त्या वैतागासाठी जीव तळमळतो.

विचारायचे ते एकटे फादर यान. आमच्या चर्चमधले म्हातारे पोलिश धर्मगुरू, चाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेले. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की दाराशी थांबून एकेकाला विचारायचे. या आठवड्यात काय खाल्लंस, कुणाशी बोललास, आईचा गुडघा कसा आहे. मी आईला फोनवर सांगितलं, "फादर माझी फार चौकशी करतात." तिला इतकं बरं वाटलं की तिने त्यांच्यासाठी केळ्याची सुकेळी धाडली. कस्टम्सने ती जप्त केली, ही गोष्ट वेगळी.

एकदा नदीकाठाने चालताना फादरांनी विचारलं, "असं आपुलकीने विचारण्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी म्हटलं, चौकशी. आणि हौसेने पुढे सांगितलं की पोलीस करतात तीही चौकशीच. ते थांबले. "दोन्हीला एकच शब्द?" मी म्हटलं, हो. त्यानंतर घर येईपर्यंत ते माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिले. माझं इंग्रजी चुकलं असेल असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी एका रविवारी मिस्सेनंतर त्यांनी खिशातून कागद काढून वाचला. पोलंडमध्ये कम्युनिस्टांचं राज्य होतं तेव्हा, तरुणपणी, ते गुप्त पोलिसांना खबरा देत होते. तिकडच्या जुन्या फायली उघडल्या गेल्या होत्या आणि त्यांत त्यांचं नाव निघालं होतं. त्यांनी आपल्याच एका मित्राबद्दल, दुसऱ्या एका धर्मगुरूबद्दल, माहिती दिली. मित्राला तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. फादरांना पासपोर्ट मिळाला. "त्याच पासपोर्टवर मी तुमच्याकडे आलो," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली. काहींनी त्यांचा हात हातात घेतला, बरेचजण बाजूच्या दाराने गेले. मीही बाजूच्या दाराने गेलो. वरून आदेश आला की चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांनी मिस्सा करू नये.

मला राग आला होता. माझं सगळं मी या माणसाला सांगितलं होतं. मग वाटायला लागलं, ही आस्था म्हणजे जुन्या धंद्याची सवय तर नव्हे? पाच रविवार मी गेलो नाही. रविवारी इथे काय करायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवून कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, जायचं, दूध आणायचं, आणि घरी आल्यावर लक्षात यायचं की दूध होतंच. सहाव्या रविवारी मी चर्चमागच्या त्यांच्या खोलीवर गेलो. ते एकटेच बटाटे सोलत बसले होते. मी बसायच्या आत विचारून टाकलं. ते म्हणाले, "विचारायची सवय तिथेच लागली, हे खरं आहे. आता पुढे कुणाला सांगत नाही, एवढाच फरक."

मग त्यांनी सांगितलं ते मला अजून सोडत नाही. त्यांना कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. एक सभ्य अधिकारी यायचा, चहा घ्यायचा, आणि अमका कसा आहे, त्याच्याकडे कोण येतं, आईची तब्येत कशी आहे, असं विचारायचा. "मला वाटायचं, यात काय एवढं? मी तर फक्त तो कसा आहे ते सांगतोय." मित्र सुटून आला तेव्हा फादर इकडे होते. पत्र लिहू लिहू म्हणता तो वारला.

मी खाली मान घालून बटाटे सोलायला घेतले. कारण रोशन कसा आहे ते मीही सांगितलं होतं.

आळीतल्या तुम्हा सगळ्यांना हे आज लिहून कळवतो आहे. रोशनने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, किवीच्या बागेत कामाला लागला, एका माओरी मुलीबरोबर राहायला गेला आणि मिस्सेला यायचा बंद झाला. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. आईने फोनवर विचारलं, "आपला रोशन कसा आहे रे?" आणि मी काळजीपोटी सगळं सांगितलं. तिने तितक्याच काळजीपोटी आळीतल्या रोझरीच्या प्रार्थनेत, वीस माणसांसमोर, "रोशन वाईट मार्गाला लागलाय, त्याच्यासाठी प्रार्थना करू या," असं म्हटलं. इनासकाका तिथेच गुडघ्यांवर होते. ते पुन्हा कधी मुलाशी बोलले नाहीत. रोशनने मला विचारलं, "घरी कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "फेसबुकवर कुणी पाहिलं असेल." तो दूर पोरिरुआ शहरात निघून गेला. गेल्या वर्षी इनासकाका वारले. कुणाची चूक, याचा विचार आळीत झाला असेल तर तो थांबवा. माझी होती. आई, तुला फोनवर हे सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिलं.

त्या दिवशी बटाटे सोलता सोलता मी हे सगळं फादरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "माझा गेला. तुझा सहा तासांवर आहे."

पुढच्या शनिवारी मी गाडी काढली. दार रोशननेच उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. मी उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पप्पांची मयत मी फोनवर बघितली, मॉलच्या पार्किंगमध्ये बसून. आता हे सांगून तुला हलकं वाटलं असेल. मी काय करू?" तुम्ही असता तर कुणीतरी मध्ये पडून म्हणालं असतं, जाऊ दे, आत ये, चहा टाकते. आमच्या मध्ये पडायला कुणी नव्हतं.

आतून त्याची मुलगी ओरडली, "डॅड, हू इज इट?"

त्याने मान आत वळवली. मित्र म्हणाला नाही, अंकल म्हणाला नाही.

"आपल्या गावचा आहे," तो मराठीत म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.

परत सहा तास गाडी चालवली. या देशात मी कोण, या प्रश्नाला ‘आपल्या गावचा’ हे उत्तर मिळतं असं एकच दार आहे. त्याच्या आत मला जागा नाही. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.